कीबोर्डवरील हलगी कोणाची?

कोयनानगर आणि पाटण खोऱ्यातील वरातींत आज हलगी वाजते, सनई वाजते, संबळही वाजतो. परंतु हलगी शेकणारा, सनई फुंकणारा आणि संबळ कमरेला बांधणारा माणूस त्या वरातीत असतोच असे नाही. वाहनावर रचलेल्या ध्वनिक्षेपकांच्या भिंतीआड एक तरुण कीबोर्डसमोर उभा असतो आणि त्याच्या शेजारी दुसरा तरुण ऑक्टोपॅडच्या रबरी चौकोनांवर काठ्या चालवीत असतो. वाजंत्र्यांचा सारा ताफा दोन माणसांत येऊन बसला आहे. ही स्थिती एकट्या सातारा-सांगलीची नाही, मराठी मुलखात ती सर्वत्र दिसते. तरीही ज्या नदीच्या पाण्यावर यंत्रांना लागणारी वीज तयार होते त्या नदीच्या काठी या प्रश्नाचा विचार व्हावा, हे उचितच आहे.

समाजवादी चळवळीतील कार्यकर्ते या बदलाकडे दोन प्रकारे पाहताना आढळतात. काहींना तो लोककलेचा ऱ्हास वाटतो; यंत्रातील खोटा आवाज, विकतची संस्कृती, आणि मग एक सुस्कारा. काहींना तो अपरिहार्य प्रगतीचा भाग वाटतो आणि त्यावर बोलणे म्हणजे काळाचे काटे मागे फिरविणे वाटते. दोन्ही मते मांडणाऱ्यांनी ते यंत्र उघडून पाहिलेले नसते. यंत्रमागावर वा साखर कारखान्यावर लेख लिहिताना जो कार्यकर्ता उत्पादनाची प्रक्रिया समजून घेतो, तोच वाद्यावर बोलताना मात्र केवळ अभिरुचीची भाषा बोलू लागतो. येथे मुळात एक श्रमप्रक्रिया बदलली आहे, एक नवे कौशल्य जन्माला आले आहे आणि एका जुन्या कौशल्याचा कच्चा माल झाला आहे. तेव्हा प्रश्न मालकीचा आहे, अभिरुचीचा नंतर.

यंत्राच्या पोटात काय घडते ते आधी पाहू. कीबोर्डमध्ये ज्याला वादक ‘टोन’ म्हणतात तो बहुधा एखाद्या खऱ्या वाद्याच्या ध्वनिमुद्रणाचा तुकडा असतो. कोणीतरी कधीतरी सनई फुंकलेली असते. तिचे काही स्वर मुद्रित करून यंत्राच्या स्मृतीत साठविलेले असतात. पट्टी दाबली की तो तुकडा त्या त्या स्वराच्या उंचीवर ओढून वाजविला जातो. परंतु तुकडा जसाच्या तसा वाजविला तर तो मेलेला वाटतो. म्हणून त्यावर संस्कार करावे लागतात. स्वर किती वेगाने उमटावा, उमटल्यावर किती उतरावा, पट्टी दाबून ठेवली असता कोणत्या पातळीवर टिकावा आणि बोट उचलल्यावर किती वेळ रेंगाळावा, या चार गोष्टी वादकाला ठरविता येतात. आवाजातील तीक्ष्ण अंश गाळणीने कमी करता येतो. स्वराला कंप देता येतो, आणि बोट हलके पडले तर एक पोत व जोरात पडले तर दुसरा पोत यावा अशी योजनाही करता येते. तंतुवाद्याचा स्वर एकदम उमटू द्यावा की लाटेसारखा चढवावा, हे एका आकड्याच्या फरकाने ठरते. तो आकडा कोणता, हे मात्र कानाशिवाय कोणी सांगू शकत नाही.

यापुढची पायरी थर लावण्याची. एकाच पट्टीवर दोन, तीन, चार टोन एकाखाली एक बसविता येतात. वरातीतील बारीक, चिरका वाटणारा सनईचा टोन उघड्या मैदानावर पुरा पडत नाही. जाणता वादक त्याच्याखाली एक सप्तक उतरवून दुसरी सनई वा पेटीचा सूर मंद आवाजात ठेवतो आणि त्या दोहोंत स्वराचा अगदी सूक्ष्म फरक राखतो. एका अर्धस्वराचे शंभर भाग कल्पिले तर चार-पाच भागांचा. या फरकामुळे आवाज रुंद होतो आणि दोन माणसे एकत्र फुंकीत आहेत असा भास निर्माण होतो, कारण दोन खरी माणसे कधीही तंतोतंत एका स्वरात फुंकीत नाहीत. नवशिक्या मात्र तिन्ही थर सारख्याच आवाजात लावतो आणि त्याचा चिखल होतो. शिवाय थरांची किंमतही मोजावी लागते. यंत्राची एका वेळी ६४ ध्वनी वाजविण्याची क्षमता असेल आणि प्रत्येक पट्टीवर चार थर असतील, तर प्रत्यक्षात १६ स्वरच उरतात. रेंगाळणाऱ्या स्वरांची गर्दी झाली की जुने स्वर मध्येच तुटू लागतात. कोणता थर काढून टाकावा हे ज्याला कळते, त्याच्या हातात ते यंत्र चालते. सुताराला लाकडाची शीर कळावी तसे हे ज्ञान आहे, आणि त्याला श्रमाचे मूल्य नाकारणे हा अन्याय आहे. ‘बटण दाबले की वाजते’ असे म्हणणाऱ्याने एकदा बटण दाबून पाहावे.

थर लावण्याची ही कल्पना आपल्या संगीताला परकी नाही. मराठी संगीत रंगभूमीने जिला घरची मानली त्या बाजाच्या पेटीत खर्ज, नर आणि मादी अशा सुरांच्या दोन-तीन रांगा असतात. एक पट्टी दाबली की भात्याचा वारा त्या साऱ्या रांगांतून जातो आणि आवाज भरीव होतो. ही पेटी तरी आली कोठून? पॅरिसमध्ये अलेक्झांद्र देबँ यांनी १८४२ साली हार्मोनियमचे पेटंट घेतले. पाय भात्यावर ठेवून वाजवावयाचे ते वाद्य हिंदुस्थानात आले, येथील कारागिरांनी ते मांडीजवळ बसविले, हाताने भाता हलविण्याची सोय केली, आणि भजनी मंडळापासून नाटकापर्यंत त्याचा संचार झाला. त्यालाही परके आणि खोटे ठरविण्यात आले होतेच. आकाशवाणीने १ मार्च १९४० पासून हार्मोनियमला बंदी केली आणि ती १९७१ पर्यंत टिकली. त्या वर्षीही ती अंशतःच उठली. बंदीच्या बाजूने एक युक्तिवाद खरा होता. पेटीचे बारा स्वर समान अंतरावर बांधलेले असतात, त्यामुळे तिचा शुद्ध गांधार नैसर्गिक गांधारापेक्षा अर्धस्वराच्या सुमारे चौदा शतांशांनी चढा लागतो, तर कोमल गांधार सुमारे सोळा शतांशांनी उतरा. तंबोऱ्यावर कान तयार झालेल्या गवयाला हे खुपणारच.

येथे एक नवलाची गोष्ट नोंदविण्याजोगी आहे. ज्या दोषासाठी पेटीला तीन दशके दाराबाहेर ठेवण्यात आले, तो दोष काढण्याची सोय आजच्या अनेक कीबोर्डांत असते. बाराही स्वर स्वतंत्रपणे शतांशांनी चढविता-उतरविता येतात. षड्ज बदलला की ती मांडणी सरकवावी लागते इतकेच. पण ही सोय इंग्रजी शब्दांच्या यादीत चार पायऱ्या खाली दडलेली असते आणि तिची माहिती देणारी पुस्तिका खोक्यातच राहते. ज्ञान यंत्रात असते, मराठीत नसते. पुण्या-मुंबईच्या शिकवणीत पैसे मोजू शकणाऱ्या मुलाला ते मिळते. पाटण वा शिराळा तालुक्यातील मुलाला ते चाचपडत, एकमेकांचे पाहून मिळवावे लागते. वर्गभेद हा असा मेनूच्या पानांतूनही वावरतो.

परक्या यंत्राला घरचे करून घेण्याचे याहून चांगले उदाहरण बेंजोचे आहे. नागोयातील मोरिता गोरो यांनी १९१२ साली जपानी कोतोला टंकयंत्रासारख्या कळा बसवून ‘ताइशोगोतो’ नावाचे लहान वाद्य तयार केले. ते हिंदुस्थानात बुलबुल तरंग झाले आणि महाराष्ट्राच्या मिरवणुकांत बेंजो झाले. येथील कारागिरांनी त्यात विजेचा पिकअप बसविला, तारा बदलल्या, कळा वाढविल्या, आणि त्याच्याभोवती वादकांचे पथक उभे राहिले. पेटी लाकडाची होती, ती उघडता येत होती, म्हणून हे घडले. कीबोर्डचे तसे नाही. त्याचे लाकूड म्हणजे त्यात साठविलेले ध्वनी, आणि ते कारखान्यात बंद झालेले असतात. म्हणूनच त्यात जेवढे संपादन शक्य आहे तेवढ्याचे महत्त्व मोठे आहे. टोन घडविता येणे, थर लावता येणे, स्वतः मुद्रित केलेला ध्वनी आत भरता येणे, एवढीच काय ती फट वादकाच्या वाट्याला आलेली आहे. तीही पैशावाचून उघडत नाही. स्वतःचे ध्वनी भरता येणारे यंत्र महाग; स्वस्त यंत्रात कारखान्याने दिले तेच ध्वनी वाजवावयाचे.

आता हलगीकडे वळू, कारण या विषयातील सर्वांत अवघड गाठ तेथे आहे. हलगी हे वाद्य मराठी गावगाड्यात कोणाच्या हाती होते, हे कार्यकर्त्यांना सांगावयास नको. ते मांगांच्या हाती होते, आणि हाती होते म्हणण्यापेक्षा हातावर लादलेले होते. देवाच्या यात्रेत, पाटलाच्या वरातीत, मयताच्या पुढे हलगी वाजविणे ही बलुतेदारीतील सक्ती होती. वाजविणारा पुढे आणि तरी बाहेर. सनई-संबळाच्या ताफ्यातील होलार समाजाची कथा फारशी निराळी नाही. दलित चळवळीने जेव्हा गावकीची कामे नाकारण्याचा आदेश दिला तेव्हा अनेकांनी मेलेले ढोर ओढणे टाकले तसे वाजविणेही टाकले. त्या नकाराचे मोल उतरवून, ‘आमची लोकवाद्ये लोप पावत आहेत’ असे हळहळणे हा एक सवर्ण चैनीचा प्रकार आहे. त्याच वेळी, सांगली जिल्ह्यातील वाटेगावच्या अण्णाभाऊ साठ्यांनी अमर शेख व द. ना. गव्हाणकर यांच्यासह लाल बावटा कलापथक उभारून हेच दाखवून दिले की लादलेली कला लढ्याचे हत्यार होऊ शकते. नकार आणि स्वीकार या दोन्ही वाटा स्वाभिमानाच्याच होत्या.

कीबोर्डने यांत एक विलक्षण गोष्ट केली. त्याने हलगीचा आवाज हलगीच्या जातीपासून सोडविला. पॅडवर हलगी वाजविणाऱ्या तरुणाला त्याची जात कोणी विचारत नाही. तो मराठा असेल, धनगर असेल, मांग असेल, मुसलमान असेल. त्याला ‘वाजंत्री’ न म्हणता ‘आर्टिस्ट’ म्हणतात, त्याच्या पथकाचे नाव फलकावर असते आणि सुपारी आगाऊ ठरते. ही मुक्ती खरी आहे, तिला हिणविण्याचे कारण नाही. पण त्याच क्षणी दुसरीही गोष्ट घडली. ज्याच्या तीन पिढ्या चामडे शेकण्यात आणि हात तयार करण्यात गेल्या, त्याचा आवाज तेवढा घेतला गेला आणि माणूस मागे राहिला. जातीने त्याला कामावर बांधले होते. बाजाराने त्याला कामावरून सोडले. दोन्ही वेळा त्याचे मत विचारण्यात आले नाही.

काम जाण्याची ही प्रक्रिया मुंबईच्या चित्रपटसंगीतात आधी घडून गेली आहे. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून आणि १९९० च्या दशकात सिंथेसायझर व संगणकाने शेकडो वादकांचे ताफे मोडले. व्हायोलिनच्या रांगा एका पट्टीवर आल्या. लंडनमध्ये संगीतकारांच्या कामगार संघटनेच्या मध्यवर्ती शाखेने १९८२ साली सिंथेसायझरवर बंदी घालण्याची मागणी करणारा ठराव केला होता. ती बंदी आली नाही, येणारही नव्हती. यंत्र फोडून कामगार वाचत नाही हा धडा एकोणिसाव्या शतकातच मिळालेला आहे. मात्र त्या ठरावाची थट्टा करणाऱ्यांनी एवढे लक्षात घ्यावे की त्या वादकांना आपले काय जाते आहे ते कळले होते. साताऱ्याच्या सनईवाल्याला ते कळले तरी सांगावयास संघटना नव्हती.

मालकीच्या प्रश्नावर यंत्राचा स्वतःचा इतिहास बोलका आहे. विविध ध्वनी गणिताने निर्माण करण्याची एक रीत अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाचे जॉन चाउनिंग यांना १९६७ साली सापडली. विद्यापीठाने तिचे पेटंट घेतले, जपानच्या यामाहा कंपनीने ती परवान्याने वापरली, १९८३ साली डीएक्स-७ हे वाद्य बाजारात आले, आणि पेटंटची मुदत संपेपर्यंत विद्यापीठाला २ कोटी डॉलरांहून अधिक उत्पन्न झाले. त्याच १९८३ साली दुसरी एक गोष्ट घडली. जपानचे इकुतारो काकेहाशी व अमेरिकेचे डेव्ह स्मिथ यांच्या पुढाकाराने, निरनिराळ्या कंपन्यांच्या वाद्यांनी एकमेकांशी बोलावे यासाठी ‘मिडी’ नावाची एक समान भाषा ठरली, आणि ती कोणत्याही स्वामित्वशुल्काशिवाय सर्वांना खुली ठेवण्यात आली. आज कीबोर्डची तार संगणकाला जोडता येते ती त्या खुलेपणामुळे. एकमेकींच्या गळ्यावर बसलेल्या कंपन्यांनाही सामायिक मालमत्तेवाचून चालले नाही, हे खाजगी मालकीच्या भक्तांनी ध्यानात ठेवण्याजोगे आहे. गणित शोधणाऱ्याला हक्क मिळाला. भाषा ठरविणाऱ्यांनी आपला हक्क जगाला दिला. ज्याने सनई फुंकली त्याच्यापुढे मात्र यांपैकी कोणताच पर्याय कोणी ठेवला नाही. यंत्राच्या पुस्तिकेत टोनचा क्रमांक असतो, फुंकणाऱ्याचे नाव बहुधा नसते.

कायदा येथे काय म्हणतो? १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कलावंत म्हणून वादकाचा हक्क १९९४ च्या दुरुस्तीने प्रथम आला आणि २०१२ च्या दुरुस्तीने तो अधिक भक्कम झाला. आपल्या सादरीकरणाचे मुद्रण होऊ देणे वा न देणे, त्याच्याशी आपले नाव जोडले जाणे, व्यापारी वापरातून वाटा मिळणे, अशी तरतूद झाली. पण हे सारे ‘सादरीकरण’ डोळ्यांपुढे ठेवून लिहिलेले आहे. हलगीची एक थाप, सनईचा एक टिकविलेला स्वर हे सादरीकरण ठरते काय, हा वाद वकिलाची फी देऊ शकणाऱ्यानेच घालावा. गरीब वादक एका दिवसाचे मानधन घेऊन सही करतो आणि हजारो पट्ट्यांवर वर्षानुवर्षे वाजत राहतो. सांगली जिल्ह्यातच मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, ही आनंदाची गोष्ट आहे. शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्याने भोपळ्याला सूर लावला, त्या परंपरेचा तो रास्त सन्मान आहे. मात्र त्या मानांकनाने संरक्षण मिळाले ते नावाला आणि वस्तूला. मिरजेचा एक तंबोरा विकत घेऊन त्याचा झंकार मुद्रित करावा आणि तो यंत्रातून विकावा, तर भोपळा निवडणाऱ्या, जवारी काढणाऱ्या हाताला त्यातून काही पोहोचावे अशी तजवीज त्यात नाही.

कोयनेच्या खोऱ्यात हा अनुभव नवा नाही. शिवाजीसागराखाली गावे गेली, तेथील पाणी डोंगर पोखरून पोफळीकडे वळविले गेले, वीज तयार होऊन दूरच्या शहरांत आणि कारखान्यांत पोहोचली. प्रकल्पाची स्थापित क्षमता १९६० मेगावॉटपर्यंत वाढत गेली. पुनर्वसनाचा कायदा राज्याने केला १९७६ साली, धरण पुरे होऊन दशक उलटल्यानंतर. मधल्या काळात ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेच्या भूकंपाने कोयनानगर उद्ध्वस्त केले तो घाव वेगळाच. जमिनीसाठी धरणग्रस्तांना त्यानंतरही वारंवार ठिय्या देऊन बसावे लागले. कच्चा माल येथून न्यावा, मूल्य दुसरीकडे निर्माण करावे आणि तयार वस्तू येथेच परत विकावी, ही रीत पाण्याला लागू झाली तशीच आवाजाला लागू झाली. फरक एवढाच की बुडालेल्या गावाची सातबाऱ्यावर नोंद तरी होती. आवाजाचा सातबारा कोणीच लिहिलेला नाही.

तो लिहिण्याचे काम चळवळीला करता येण्याजोगे आहे, आणि त्यासाठी सरकारच्या तोंडाकडे पाहण्याची गरज नाही. राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकाने वसंत बापट, लीलाधर हेगडे, पु. ल. देशपांडे यांच्यापासून निळू फुले, राम नगरकर यांच्यापर्यंत माणसे घडविली ती हाती असलेल्या ढोलकी-तुणतुण्यावर. आज कलापथके उभी करावयाची तर त्यांच्या हातात कीबोर्ड असणारच, आणि तो कसा उघडावयाचा हे शिकविणारी शिबिरे लागतील. गीते बसविण्याबरोबर टोन घडविणे, थर लावणे, गांधार चौदा शतांशांनी उतरविणे हेही शिबिरात शिकविले गेले पाहिजे, आणि तेही मराठीतून, हाताने लिहिलेल्या चार पानांच्या टिपणावरून का होईना. ध्वनी साठविण्याची व वाजविण्याची मुक्त सॉफ्टवेअरे उपलब्ध आहेत. साधा संगणक आणि बऱ्यापैकी मायक्रोफोन यांवर काम सुरू होऊ शकते.

असे पहिले शिबिर कोयनानगरला भरवावे. खोऱ्यातील आणि वाळवा-शिराळ्याकडील जे सनईवाले, हलगीवाले, संबळवाले अद्याप वाजवितात त्यांना वादक म्हणून नव्हे, शिक्षक म्हणून बोलवावे आणि शिक्षकाचे मानधन द्यावे. पॅड वाजविणाऱ्या तरुणांनी त्यांच्यासमोर बसावे. हलगी शेकण्यापूर्वीचा आणि शेकल्यानंतरचा आवाज निराळा असतो, कडेला आणि मध्यावर पडणारी थाप निराळी असते, थंडीत आणि पावसाळी हवेत चामडे निराळे बोलते. कारखान्याच्या टोनमध्ये यांतील फार थोडे उतरते. हे सारे मुद्रित करावे. प्रत्येक मुद्रणाबरोबर वादकाचे नाव, गाव आणि त्याच्या अटी लिहून घ्याव्यात. अटी त्याने ठरवाव्यात. ज्याला आपल्या आवाजाशी जातीचे नाव जोडलेले नको असेल त्याचे ते म्हणणे पाळावे, आणि ज्याला मुद्रणच नको असेल त्याला चहा पाजून सन्मानाने निरोप द्यावा. कलापथकांना आणि भजनी मंडळांना हे ध्वनी विनामूल्य मिळावेत. लग्नाची सुपारी घेणाऱ्या पथकाने ते वापरल्यास ठरलेला हिस्सा वादकाकडे जावा. आणि कंपनीला हवे असतील तर तिने वादकांच्या सहकारी संस्थेशी लेखी करार करावा, एकेकट्या वादकाशी नव्हे.

या शेवटच्या अटीवर वाद होईल. आपले पोट आपण भरीत असताना संस्थेचा दंडक कशाला, असे वादकच विचारतील, आणि दूध संघांचा नि साखर कारखान्यांचा अनुभव पाहता त्यांचा संशय निराधार म्हणता येणार नाही. म्हणून संस्थेचा कारभार कोणा पुढाऱ्याच्या हाती न जाता वाजविणाऱ्यांच्याच हाती राहील, हिशेब दरवर्षी पंचक्रोशीत वाचून दाखविला जाईल आणि करार मोडण्याचा अधिकार वादकाकडे राहील, एवढे तरी घटनेत पहिल्या दिवशी लिहिले गेले पाहिजे.